२३ नोव्हेंबर १९४९ चं फर्मान: मराठवाड्यात राज्यघटना आली कशी?

गोदाकाठचा:

दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडावंदन, हुतात्म्यांना अभिवादन, मग मराठवाड्यासाठी इतके कोटी आणि तितके कोटी. २६ जानेवारीला पुन्हा झेंडावंदन. या दोन तारखांच्या मधल्या काळाबद्दल मात्र आपल्याकडं कुणी अवाक्षर काढत नाही. हैदराबाद गॅझेटियरवर इथं इतके धागे निघाले की नवीन माणसाला वाटावं निजामानं आयुष्यभर गॅझेटियरच लिहिलं. पण ज्या कागदानं भारताची राज्यघटना तेव्हाच्या आपल्या पाच जिल्ह्यांना (औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद) लागू झाली, त्यावर शोधूनही एक धागा सापडला नाही. म्हणून हा काढतोय.

आधी क्रम लावून घेऊ. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या. १७ तारखेला संस्थानचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, निजाम मीर उस्मान अली खाननं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. १८ ला निजामाचे सेनापती जनरल एल इद्रूस भारताच्या मेजर जनरल चौधरींना शरण गेले. इथपर्यंत शाळेतल्या पोरालाही येतं.

पुढं काय? पुढं लष्करी गव्हर्नर. चौधरी १९४९ संपेपर्यंत गव्हर्नर होते. रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांची, दहशत संपली, लोकांनी सुटकेचा श्वास घेतला, हे खरंच आहे. पण सभा, वर्तमानपत्र, अटक, खटला या बाबतींत ज्याला आपण आज मूलभूत हक्क म्हणतो, ते १७ सप्टेंबरला कुणाच्या हातात पडले नाहीत. ते यायला २६ जानेवारी १९५० उजाडावं लागलं, म्हणजे सोळा महिने. आणि कागदोपत्री निजाम गादीवरच होता. चौधरींना अधिकार मिळाले तेही त्याच्याच फर्मानानं.

तिकडं दिल्लीत घटना समिती काम करत होती. एकेका कलमावर दिवस दिवस वाद चालले. त्या सभागृहात हैदराबाद संस्थानाचा एकही प्रतिनिधी नव्हता. जून १९४७ मध्ये निजामानं फर्मान काढलं होतं की भारत किंवा पाकिस्तान, कुणाच्याच घटना समितीत आम्ही माणसं पाठवणार नाही, इंग्रज गेले की आम्ही सार्वभौम. शेवटपर्यंत खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

आणि मग २३ नोव्हेंबर १९४९. त्याच निजामानं दुसरं फर्मान काढलं: घटना समिती जी राज्यघटना मंजूर करेल, तीच हैदराबादचीही राज्यघटना राहील. तीन दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, दिल्लीत घटना मंजूर झाली. अडीच वर्षांच्या अंतरानं, एकाच माणसाच्या सहीची, एकमेकांच्या बरोबर उलटी दोन फर्मानं!

माझं म्हणणं एवढंच: सत्ता जाणं आणि हक्क येणं या दोन वेगळ्या घटना आहेत. आपण पहिली साजरी करतो आणि दुसरी झालीच नाही असं वागतो. २३ नोव्हेंबर शाळेत शिकवायला हवा, १७ सप्टेंबरच्या शेजारी. 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांत आपण कोणत्या दारानं आत आलो, हे पोरांना कळू द्या.

बालाघाटी:

धागा चांगला आहे, निष्कर्ष पटला नाही. दारात रणगाडे उभे असताना कुणीही कशावरही सही करतो. त्या फर्मानाला शाळेत शिकवायचं म्हणजे निजामानं आपल्याला हक्क बहाल केले असं पोरांच्या डोक्यात भरायचं. त्यापेक्षा ७ ऑगस्ट १९४७ शिकवा. स्टेट काँग्रेसनं, म्हणजे संस्थानात निजामाविरुद्ध लढणाऱ्या पक्षानं, 'भारतात सामील व्हा' दिन पाळला तो. स्वामी रामानंद तीर्थ १५ ऑगस्टला तुरुंगात गेले. देश मोकळा होत होता त्या दिवशी आपला पुढारी आत जात होता.

नांदेडी_मिरची:

काय बोललाव राव! बरोबर हाय बालाघाटी. माझे आजोबा म्हणायचे की सभा घ्यायची तर आधी अर्ज, अर्जात विषय, वक्ता कोण, काय बोलणार. ती गश्ती निशान ५३, निजाम सरकारचं परिपत्रक. भजनाला चार माणसं जमली तरी अंमलदार चौकशीला. म्हातारे 'गश्ती' असं म्हणायचे की शिवीच वाटायची.

काळा_कोट_लातूर:

वकिली करतो, म्हणून थोडं कायद्याच्या अंगानं. (लातूरचा वकील म्हटलं की कुणीतरी रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवीचं नाव काढतंच. तो लातुरातच वकिली करायचा. आधीच सांगून मोकळा होतो.)

बालाघाटींचा मुद्दा राजकारण म्हणून ठीक. कायद्यात तो पुरत नाही. म्हैसूर, त्रावणकोर, सौराष्ट्रातली संस्थानं, या सगळ्यांनी सामीलनाम्यावर, म्हणजे भारतात सामील होण्याच्या करारावर, सह्या केल्या होत्या. हैदराबादनं केली नाही. आपल्याकडं फक्त २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार होता, एक वर्षाच्या मुदतीचा. संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळणापुरती तात्पुरती सोय. पोलीस कारवाईनंतरही सामीलनामा झाला नाही. मग २६ जानेवारी १९५० ला घटना इथं लागू झाली ती कोणत्या आधारावर? त्या २३ नोव्हेंबरच्या फर्मानावर. इतर संस्थानांच्या राजप्रमुखांनीही त्याच महिन्यात तशाच घोषणा केल्या, पण त्यांच्या पाठीशी सामीलनामे होते. आपल्याकडं तो कागद एकटाच. त्यामुळं नुसती औपचारिकता म्हणून तो बाजूला टाकता येत नाही.

आणि धागाकर्त्यानं एक गोष्ट सोडली. २६ जानेवारीनंतरही आपण पूर्ण स्वशासित नव्हतो. हैदराबाद 'ब' वर्गातलं, म्हणजे जुन्या संस्थानांच्या गटातलं राज्य झालं, निजाम राजप्रमुख, म्हणजे राज्यपालाच्या जागचा प्रमुख झाला, ५० लाखांचा तनखा ठरला. मुख्यमंत्री कोण? एम. के. वेल्लोडी, आयसीएस अधिकारी. निवडून आलेले नव्हेत, नेमलेले. मूळ घटनेतलं कलम ३७१ वाचा, आजचं नाही, १९५० चं. 'ब' वर्गातली राज्यं पहिली दहा वर्षं राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली राहतील आणि त्यांचे आदेश पाळतील, असं त्यात होतं. म्हणजे हक्क आले १९५० ला. लोकांनी निवडलेलं सरकार आलं मार्च १९५२ ला, बुर्गुला रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले तेव्हा.

गोदाकाठचा:

कोटसाहेब, मूळ ३७१ माहीत नव्हतं, भारी माहिती. आजच्या ३७१ मधल्या पोटकलम २ मध्ये मराठवाड्यासाठी विकास मंडळाची तरतूद आहे. म्हणजे एकाच क्रमांकाचं कलम आधी आपल्यावर लगाम म्हणून आणि नंतर आपल्याला आधार म्हणून?

काळा_कोट_लातूर:

हो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं 'ब' वर्ग संपला, तेव्हा जुनं ३७१ काढून नवं घातलं. विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र असं त्यात आलं. सौराष्ट्र आणि कच्छही होते, कारण द्वैभाषिक मुंबई राज्य.

माणदेशी_पाहुणा:

मराठवाड्याचा नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. आटपाडीकडचा आहे, आमचा भाग औंध संस्थानात होता. तुमच्याकडं १९३८ साली स्टेट काँग्रेसवर ती स्थापन व्हायच्या आधीच बंदी आली, २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. त्याच हिवाळ्यात आमच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सत्ता सोडून दिली! जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य घटना लागू झाली. मसुद्यामागं अप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि खुद्द गांधीजी. पाया गावपंचायतीचा: गाव पंचायत निवडणार, पंचायतींतून तालुका, तालुक्यांतून वरची सभा.

औंध म्हणजे बहात्तर गावांचं संस्थान, हैदराबाद म्हणजे सोळा जिल्ह्यांचं, तुलना सरळ होत नाही हे मान्य. पण एक राजा मनात आणलं तर काय करू शकतो, हे त्याच साली शेजारच्या मुलखात दिसत होतं. निजामाला ते दिसलं नसेल असं वाटत नाही.

नांदेडी_मिरची:

दिसलं की! त्यानंबी १९३९ ला सुधारणा जाहीर केल्याच. अय्यंगार समिती.

जुन्या_बाजारातला:

त्या सुधारणांबद्दल कुणीतरी नीट लिहायलाच हवं, कारण 'निजाम सुधारणा देतच होता, लोकांनी घाई केली' असं अधूनमधून ऐकू येतं.

१९३७ ला समिती नेमली, १९३८ ला अहवाल आला, जुलै १९३९ मध्ये घोषणा झाली. विधिमंडळ वाढवायचं, पण प्रतिनिधित्व कसं? मतदारसंघ भागानुसार नाहीत, व्यवसायानुसार. जहागीरदारांचा प्रतिनिधी वेगळा, कुळांचा वेगळा, व्यापाऱ्यांचा, वकिलांचा, डॉक्टरांचा. ऐकायला आधुनिक वाटतं. पण सरकार त्या विधिमंडळाला जबाबदार नव्हतंच. मंडळानं अविश्वास दाखवला काय, न दाखवला काय, मंत्री निजामाचे. जबाबदार राज्यपद्धती ही स्टेट काँग्रेसची एकमेव मोठी मागणी आणि नेमकी तीच गाळलेली. शिवाय हे सगळं अर्धवट का होईना, प्रत्यक्षात यायला १९४६ उजाडलं.

अशा जाहीरनाम्यांकडं बघताना मी एकच गोष्ट तपासतो. दिलेला शब्द देणाऱ्यानं मोडला तर त्याला जाब विचारायची सोय त्यात आहे का? मॅग्ना कार्टा घ्या. जून १२१५ मध्ये जॉन राजानं शिक्का मारला आणि ऑगस्टमध्ये पोपकडून रद्द करून घेतला, अडीच महिनेसुद्धा टिकला नाही. शिवाय त्यातले हक्क 'स्वतंत्र माणसां'ना. जमिनीला बांधलेली कुळं, म्हणजे बहुसंख्य जनता, त्यात धरलेलीच नव्हती. तरी तो नंतरच्या राजांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला गेला, १२१६, १२१७, १२२५. सरदारांकडं तेवढी ताकद होती म्हणून. आणि १६८९ च्या हक्कांच्या कायद्यात करावर पार्लमेंटचा ताबा आला तेव्हा कुठं राजाची खरी अडवणूक झाली. पैसा मंजूर करायचा अधिकार लोकांकडं आला की बाकीचं हळूहळू मागून येतं.

१९३९ च्या निजामी सुधारणांत तिजोरीची किल्ली कुठं होती? सर्फ-ए-खास म्हणून निजामाची खाजगी मालकीची गावंच्या गावं होती, त्यांचा महसूल थेट त्याच्या खिशात. त्यावर विधिमंडळ काय बोलणार, कपाळ?

ताई_परभणीच्या:

वाचतेय. जुन्या बाजारातले, फ्रेंच जाहीरनाम्याचंही सांगा की. १७८९, सतरा कलमं, 'माणसाचे आणि नागरिकाचे हक्क'. बायका त्यात नव्हत्या. ऑलिंप द गूझनं १७९१ ला बाईच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि १७९३ ला तिचं मुंडकं उडवलं. म्हणून मला आपल्या घटनेचं कौतुक जास्त. १९५२ ला माझ्या पणजीनं मत दिलं, तिला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं. निजामाच्या व्यवसायवार यादीत तिला कोणत्या रांगेत बसवलं असतं? धुणीभांडी आणि खुरपणी करणाऱ्या बाईचा 'व्यवसाय' कोणता?

बालाघाटी:

ताई, हे एकदम पटलं.

पण मूळ वादावर मी ठाम आहे. स्वशासनाच्या घोषणा इथल्या लोकांनी स्वतः केल्या, त्या कुठं गेल्या? बार्शीचा इंग्रजी मुलूख आणि उस्मानाबाद जिल्हा एकमेकांत घुसलेले होते, त्या सरहद्दीवरच्या गावांनी निजामाची सत्ता झुगारून 'मुक्तापूर स्वराज्य' जाहीर केलं. चावडी, न्याय, संरक्षण लोकांनी हातात घेतलं. त्याचा कागद निजामाच्या सहीचा नव्हता.

गोदाकाठचा:

मुक्तापूर शिकवाच, त्याला कोण नाही म्हणतंय? पण त्या स्वराज्यातल्या माणसाला उद्या कुणी बेकायदा पकडलं असतं, तर त्यानं कोणत्या कोर्टात जायचं होतं? लढ्यातल्या गावात हा प्रश्न निघत नाही, सगळे एका बाजूला असतात. तो नंतर निघतो. म्हणून मला २६ जानेवारी आणि तिच्यामागचं ते फर्मान महत्त्वाचं वाटतं.

धाराशिवचा_जुना_वाडा:

'नंतर निघतो' म्हणालात म्हणून लिहितो, नाहीतर गप्पच राहणार होतो.

ज्या सोळा महिन्यांबद्दल तुम्ही बोलताय, त्यांच्या सुरुवातीलाच आपल्याकडं काय झालं ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं नोंदवलंय. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते फिरले. सगळ्यांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे त्यांनी सांगितले त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत, बाकीचे दोन गुलबर्गा आणि बीदर. पूर्ण संस्थानातल्या मृतांचा त्यांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार. मरणारे बहुतेक मुसलमान, आणि बहुतेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

रझाकारांनी त्याआधी जे केलं ते मी नाकारत नाही, आमच्या गावातही केलं. शोएबुल्ला खान मुसलमानच होता, 'इमरोज'चा संपादक. भारतात विलीन व्हा असं लिहितो म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला मारलं. पण १७ सप्टेंबरच्या भाषणांत एक बाजू येते, दुसरी येत नाही. कायद्यापुढं समानता हे कलम १४ त्या हिवाळ्यात नव्हतं. असतं तरी किती उपयोग झाला असता माहीत नाही, पण निदान मागायला जागा असती.

(दोन प्रतिसाद काढले आहेत. कुणाच्या धर्मावरून किंवा आडनावावरून लिहिलेलं इथं राहणार नाही. धागा चालू आहे. – व्यवस्थापन)

नांदेडी_मिरची:

जुना वाडा, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या आजीनं एका कुटुंबाला कणगीच्या मागं लपवलेलं, तेवढंच घरात सांगतात, पुढचं कुणी बोलत नाही.

कोरडवाहू:

तुम्ही लोक फर्मान आणि कलमं करताय, आमच्याकडं हक्क म्हणजे सातबारा.

जहागिरी गेल्या १५ ऑगस्ट १९४९ ला. हैदराबाद कुळवहिवाट कायदा १९५० चा. हे दोन कागद आमच्या घराण्यानं पाहिले. 'आम्ही भारताचे लोक' पोरं शाळेत गेल्यावर ऐकलं. संरक्षित कूळ म्हणून नाव लागलं म्हणून आज अडीच एकर आहे. शेजारच्याचं नाव लागलं नाही, मालकानं गोड बोलून कब्जा सोडून घेतला, ते ऊसतोडीला जातात. दोघंही त्याच घटनेखाली. जुन्या बाजारातले म्हणाले ना, जाब विचारायची सोय. ती तलाठ्याच्या दप्तरात होती आणि नोंदी मोडीत नाहीतर उर्दूत. वाचायचं कुणी?

आणि कोटसाहेब, ते जहागिरी रद्द करणारं फर्मान की कायदा? सही कुणाची?

काळा_कोट_लातूर:

विनियम. लष्करी गव्हर्नरचा. निवडून आलेलं सभागृह नसताना आलेला, आणि तरी मराठवाड्यातल्या गरीब माणसाच्या आयुष्यात कदाचित सगळ्यांत मोठा फरक पाडणारा. माझ्या व्यवसायाला हे सोयीचं नाही, पण आहे असं.

बालाघाटी:

म्हणजे तुम्हीच कबूल करताय की लोकप्रतिनिधी नसतानाचा हुकूम जास्त कामाचा ठरला?

काळा_कोट_लातूर:

तेवढा एक हुकूम. तो टिकला तो मात्र नंतर निवडून आलेल्या सरकारामुळं. १९५२ ला १७५ जागांची विधानसभा आली. कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्यानं त्यांची माणसं लोकशाही आघाडीच्या नावानं लढली. नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी लोकसभेवर गेले ते नेहरूंपेक्षा जास्त मतं घेऊन. स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. जमिनीचा प्रश्न घेऊन निवडून आलेली एवढी माणसं समोर बसल्यावर जहागीरदारांना मागच्या दारानं परत येणं अवघड झालं.

ताई_परभणीच्या:

एक शंका. १९९४ ला मराठवाडा विकास मंडळ झालं, ते ३७१ खालीच ना? आता ते नाहीच म्हणतात. मग कलमही गेलं का?

काळा_कोट_लातूर:

कलम जागेवर आहे. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, पुढं वाढवली नाही. मंडळ राष्ट्रपतींच्या आदेशानं आणि राज्यपालांवरच्या विशेष जबाबदारीतून येतं, म्हणून नागपूर करारासारखं ते नुसतं आश्वासन नाही. संयुक्त महाराष्ट्रात विदर्भ-मराठवाड्याला काय मिळणार हे ठरवणाऱ्या १९५३ च्या त्या करारावर आपल्या पुढाऱ्यांनी सह्या केल्या, पण त्यावरून कोर्टात जाता येत नाही. कलमाचा अर्थ लावून घ्यायला निदान जाता येतं.

कोरडवाहू:

जाता येतं म्हणजे कुणी गेलं पाहिजे. औरंगाबाद खंडपीठाची तारीख घ्यायला आमच्या गावातून पहाटे पाचची यष्टी आहे, तीही पावसाळ्यात बेभरवशाची. तुम्ही अर्ज लिहिणार असाल तर सह्या मी गोळा करतो.